घड्याळ यजमानांचं: आफ्रिकेतल्या मिशन ट्रिपला निघण्यापूर्वी

केनियात किंवा टांझानियात कुणी स्वाहिलीत ‘सा तातू’ला, म्हणजे तीन वाजता, या असं सांगितलं तर पोचायचं असतं सकाळी नऊला. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, म्हणून तिथे तास उजाडल्यापासून मोजतात. आपल्या घड्याळात सात वाजतात तेव्हा त्यांचा एक वाजलेला असतो. आपल्याकडेही प्रहर सूर्योदयापासूनच मोजत, त्यामुळे मराठी माणसाला हा हिशेब परका वाटू नये. तरी चर्चच्या गटाबरोबर तिथे सेवेला निघालेला माणूस इथेच चुकू शकतो, कारण दिवसाचं वेळापत्रक बहुधा घरूनच छापून नेलेलं असतं: सकाळी प्रार्थना, मग शाळेच्या भिंतीला रंग, दुपारी बालगृहात खेळ, संध्याकाळी साक्ष आणि फोटो. मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. असा दिवस यजमानांच्या घड्याळाने चालला तरच उपयोगी पडतो. काय काम करायचं, ते कुणी करायचं, किती दिवसांत करायचं हे तिथल्या मंडळीने ठरवलेलं असावं, आणि पाहुणे निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते काम त्यांच्यावाचून सुरू राहावं. जायचं ठरवण्यापासून परतल्यानंतरच्या कित्येक महिन्यांपर्यंत प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून पाहता येतो.

अशा सहलींचं प्रमाण कमी नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ च्या सर्वेक्षणावरून अंदाज केला होता की तिथल्या चर्चचे सुमारे १६ लाख प्रौढ सभासद दरवर्षी अल्पकालीन मिशनसाठी परदेशी जातात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे कॉलेजातून, मित्रांच्या चर्चमधून असं आमंत्रण येऊ शकतं, स्वतः ख्रिस्ती नसतानाही. वसई, मुंबई, नगर किंवा गोव्यातल्या तरुणांनाही ही वाट आता अशक्य राहिलेली नाही. या सगळ्यांनी आधी एक चित्र मनातून पुसायला हवं: जिथे सुवार्ता पोचलेलीच नाही अशा भूमीवर आपण चाललो आहोत, हे. आज आफ्रिकेत ६० कोटींहून अधिक ख्रिस्ती राहतात. इथिओपियाच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात, युरोपातले पुष्कळ प्रदेश अजून ख्रिस्ती व्हायचे होते तेव्हा. आणि बाहेरून येणाऱ्या मदतीचं काय करायचं यावर आफ्रिकी चर्चने फार पूर्वी विचार केलेला आहे. १९७१ साली पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे सरचिटणीस जॉन गातू यांनी अमेरिकेत जाऊन सांगितलं की मिशनरी आणि त्यांचा पैसा, दोन्ही काही काळ थांबवा, म्हणजे आमची मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहील. १९७४ मध्ये झांबियातल्या लुसाकाला भरलेल्या अखिल आफ्रिका चर्च परिषदेत याच मागणीला पाठिंबा मिळाला. गातूंना नाती तोडायची नव्हती. कायम घेणाऱ्याच्या जागी बसलेल्या मंडळीला स्वतःचा आवाज सापडत नाही, हे त्यांना दिसत होतं. तुम्ही ज्या गावी जाल तिथल्या पाळकाने किंवा फादरने ही चर्चा ऐकलेली असण्याची शक्यता तुमच्या गटप्रमुखापेक्षा जास्त आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट नाशिकला पोचतो, आणि तो मराठी वाचकाने हरवू देऊ नये. एकोणिसाव्या शतकात गुलामांची वाहतूक करणारी जहाजं ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात अडवत असे आणि सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत असे. त्यातली अनेक मुलं नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या वसाहतीत वाढली, अक्षरं आणि कारागिरी शिकली. यातलाच जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या मोहिमेत होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्यासाठी दफनाची प्रार्थना वेनराइटने वाचली, आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी ते शव खांद्यावरून दीड हजार किलोमीटरच्या वाटेने समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. नाशिक-मुंबईहून गेलेले विल्यम जोन्स आणि जॉर्ज डेव्हिड १८६० च्या दशकात मोम्बासाजवळच्या राबाई इथे कामाला लागले, आणि १८७५ च्या सुमारास जवळच फ्रीरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तिथेही ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी होती. केनियाच्या चर्चची पायाभरणी ज्यांच्या हातून झाली त्यांत या माणसांची गणना होते. नावाजलेले युरोपीय प्रवासी आले आणि गेले. ही माणसं राहिली, आणि जे टिकलं ते राहिलेल्यांच्या हातचं. दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्याला राहता येत नाही, हे उघड आहे. पण जे राहतात त्यांच्या हाताखाली तो काम करू शकतो, आणि त्याच्या दिवसाची खरी जागा तिथेच आहे.

सगळ्यात नेहमीचं काम म्हणजे बांधकाम, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. १९९८ च्या ‘मिच’ वादळानंतर होंडुरासमध्ये अनेक मिशन गटांनी घरं बांधली. तो देश मध्य अमेरिकेतला असला तरी तिथला अभ्यास आफ्रिकेला तितकाच लागू पडतो. कर्ट व्हर बीक या संशोधकाने पाहुण्यांच्या गटांनी बांधलेल्या घरांची तुलना स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेल्या घरांशी केली. विमानभाड्यासह पाहुण्यांचं एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडलं होतं, स्थानिकांचं सुमारे २,००० डॉलरला. घरात राहायला आलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र दोन्हींमुळे पडलेल्या फरकात म्हणण्यासारखं अंतर आढळलं नाही. खुद्द आफ्रिकेतलं उदाहरण अमेरिकन लेखिका पिपा बिडल यांनी २०१४ मध्ये लिहिलं. टांझानियात शाळेच्या सहलीतल्या मुली दिवसभर विटा रचत, आणि रात्री स्थानिक माणसं त्या काढून पुन्हा ओळंब्यात रचत, मुलींना कळू न देता. पूर्व आफ्रिकेत कारागिराला ‘फुंडी’ आणि रोजंदारीवरच्या मजुराला ‘किबारुआ’ म्हणतात. तुम्ही फुकट विटा वाहता तेव्हा एखाद्या किबारुआची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि तुमची भिंत वाकडी झाली तर फुंडीला ती दुरुस्त करावी लागते. म्हणून जाण्यापूर्वी यजमान चर्चला लेखी विचारा: हे काम गावातल्या कुणाला मजुरी देऊन करवून घेता आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या मजुरीचा पैसा गटाच्या अंदाजपत्रकात आधी धरा आणि तुमच्यातल्या दोघांनी फार तर त्या फुंडीचे मदतनीस व्हा. विटेला वीट कशी लावायची ते तो सांगेल. तो ‘पोले पोले’ म्हणाला की हात सावकाश चालवायचा, आणि तो थांबला की थांबायचं.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे: मग जायचंच कशाला, तिकिटाचा पैसा पाठवून द्यावा. मी हा आक्षेप अर्धा मान्य करते. काम फक्त भिंतींचं असेल तर खरोखर पैसाच पाठवावा, आणि तो स्थानिक मंडळीच्या समितीच्या नावे, हिशेब मागण्याच्या हक्कासह पाठवावा. पण पैशाने विकत मिळत नाहीत अशाही काही गोष्टी तिथे हव्या असतात. मर्सी शिप्स ही १९७८ साली स्थापन झालेली ख्रिस्ती संस्था रुग्णालयं असलेली जहाजं चालवते, आणि गेली कित्येक वर्षं तिचं काम मुख्यतः आफ्रिकेच्या बंदरांत चालतं. तिच्या जहाजांवर सर्जन थोड्या आठवड्यांसाठी पदरमोड करून येतात. स्वयंपाकी, विजेची कामं करणारे, बालरुग्णांची काळजी घेणारेही तसेच येतात. ही छोटी मुदत निरर्थक ठरत नाही, कारण जहाज त्या देशाच्या सरकारच्या आमंत्रणावरून महिनोन्महिने बंदरात उभं असतं, रुग्णांची निवड आधी झालेली असते, शस्त्रक्रियेनंतरचे टाके काढायला माणसं असतात आणि स्थानिक डॉक्टर-परिचारिकांचं प्रशिक्षण सोबत चालू असतं. अल्प मुदतीचा माणूस दीर्घ मुदतीच्या कामात बसवलेला असला की त्याचा एक दिवसही वाया जात नाही. तुमच्याजवळ असं काही कौशल्य असेल, भूलतज्ज्ञाचं, लेखापालाचं, यंत्रदुरुस्तीचं किंवा वाचादोषावर उपचार करण्याचं, तर यजमानांना ते कळवा आणि ते बोलावतील तेव्हा जा. कौशल्य नसेल आणि शिकायला, मंडळीला भेटायला जायचं असेल तर त्यातही कमीपणा नाही. मात्र त्याला तेच नाव द्या. ‘शाळा बांधायला’ म्हणून वर्गणी गोळा करायची आणि प्रत्यक्षात स्वतः शिकून यायचं, हे देणगीदाराशी आणि यजमानांशी प्रामाणिकपणाचं नाही. कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे अगदी कठोर शब्दांत हाच मुद्दा मांडला होता: पाहायला या, शिकायला या, उपकार करायला येऊ नका.

टिकणाऱ्या मदतीचा नमुना शोधायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. आपल्या गावोगावचा हापसा आठवून पाहा. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात, दुष्काळाच्या दिवसांत, कूपनलिका खोदल्या जात होत्या, पण वर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मोडून पडत. एका कुटुंबासाठी केलेल्या विलायती नमुन्यांवर अख्खं गाव पाणी ओढत होतं. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या पाण्याच्या कामांत, इथल्याच मिस्त्र्यांच्या हातून, जास्त दणकट पंप तयार झाले. त्यातल्या सोलापूर पंपाच्या आधारे भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. तोच हापसा पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला, आणि युगांडात तर त्यावरून बेतलेला नमुना देशाचा प्रमाण पंप झाला. परदेशी मिशनरी वर्षानुवर्षं एका जिल्ह्यात राहिले, गावातल्या मिस्त्र्याचं ऐकलं, मोडलेला पंप पुन्हा पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा हे घडलं. पण आफ्रिकेतल्या हापशांची पुढची गोष्टही माहीत असावी. ग्रामीण पाणीपुरवठ्याचं जाळं चालवणाऱ्या तज्ज्ञांच्या २००९ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत कुठल्याही वेळी एक तृतीयांशाहून अधिक हापसे बंद असतात. लोखंड चांगलं असून भागत नाही. वायसर, साखळी, दांडा यांचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळायला हवेत, आणि दुरुस्तीसाठी गावाने वर्गणी जमवलेली हवी. तुमच्या गटाला ‘विहीर द्यायची’ असेल तर उद्घाटनाच्या फलकाआधी विचारा की पंप कुठल्या जातीचा बसवणार, त्याचे भाग कुठल्या दुकानात मिळतात, आणि मिस्त्रीचं नाव काय.

आता सगळ्यांत नाजूक विषय: दुपारचा बालगृहातला खेळ. या एका बाबतीत मी सल्ला मऊ करणार नाही. अनोळखी मुलांना भेटायला, कडेवर घ्यायला, एका दुपारपुरता लळा लावायला बालगृहात जाऊ नका, कार्यक्रमात ते छापलेलं असलं तरी. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ मध्ये मांडलं की जगभर संस्थांत ठेवलेल्या मुलांपैकी पाचांतल्या चौघांचे आई किंवा वडील, निदान एक पालक, हयात असतात. मुलं तिथे येतात ती बरेचदा गरिबीमुळे, कारण बालगृहात शाळा आणि जेवण मिळतं, घरी मिळत नाही. पाहुण्यांच्या देणगीवर बालगृह चालत असेल तर ते भरलेलं राहण्यात कुणाचा तरी फायदा तयार होतो. ही शंका मिशनविरोधकांनी उकरून काढलेली नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांच्या नावाखाली होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालय-पर्यटनाच्या धोक्यांचा उल्लेख केला. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि पुढे मुलांना कुटुंबात परत नेण्याचं राष्ट्रीय धोरण आखलं. रवांडाने त्याही आधी, २०१२ पासून, संस्था बंद करून मुलं घरी पाठवण्याचा मार्ग धरला. बालविकासाचं शास्त्रही याच बाजूचं आहे. रुमानियातल्या मुलांवर २००० पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासात संस्थेतून प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली दिसली. हा अभ्यास पाहुण्यांच्या भेटींवरचा नव्हता हे खरं. पण एकाच माणसाने सातत्याने जवळ असणं लहान मुलाला किती लागतं हे त्यातून कळतं, आणि दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येऊन रडत निरोप घेणार असतील तर ते सातत्य मोडतं.

‘पण मुलं किती आनंदाने धावत येतात,’ असं यावर म्हणतात. येतात, आणि तो आनंद खोटा नसतो. तरीही आपल्या सोसायटीच्या फाटकातून आलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर आपलं मूल धावत जाऊन बसलं तर आपल्याला काळजी वाटेल. तीच काळजी त्या मुलांबद्दलही वाटायला हवी. मुलांसाठी काही करायचंच असेल तर कुटुंबांना बळ देणाऱ्या कामाकडे वळा: घरी परतलेल्या मुलांच्या फी, आजीजवळ राहणाऱ्या नातवंडांसाठी चर्चने चालवलेला जेवणाचा कार्यक्रम, स्थानिक शिक्षकांचं प्रशिक्षण. रविवारच्या शाळेत जायचं झालं तर तिथल्या शिक्षिकेच्या मागे बसा आणि तिने सांगितलं तर गाणं म्हणा. गटाच्या आयोजकांकडे बालसुरक्षेचं लेखी धोरण मागा. प्रत्येक सदस्याची पोलीस पडताळणी झाली आहे का, कुणीही प्रौढ एकटा मुलाजवळ राहणार नाही असा नियम आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे त्यात नसेल तर त्या गटाबरोबर जाऊ नये.

दवाखान्याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण नियम सरळ आहे: जे काम तुम्हाला पुण्यात किंवा ठाण्यात कायद्याने करता येत नाही, ते नैरोबीत किंवा मलावीच्या लिलाँग्वेतही करू नये. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका तरुण अमेरिकन मिशनरीने कुपोषित मुलांचं केंद्र चालवलं. तिथे शंभरावर मुलं दगावली. दोन मातांनी २०१९ मध्ये न्यायालयात दावा लावला आणि पुढच्या वर्षी, कुणीही दोष मान्य न करता, तडजोड झाली. दाव्यात दोष कुणाचा हे ठरलं नसलं तरी, तीव्र कुपोषित मुलाला प्रेमापोटी भराभर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून ते दगावू शकतं, म्हणूनच त्याच्या आहाराचे टप्पे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत. तिथे चांगला हेतू ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टर असाल तर त्या देशाच्या वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना यजमान रुग्णालयामार्फत आधी मिळवा. नसाल तर नोंदवही लिहा, पाणी द्या, फरशी पुसा. घरातली उरलेली औषधं बॅगेत भरू नका. दान म्हणून जाणाऱ्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, हा आरोग्य संघटनेचा संकेत आहे. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचंही तेच. पूर्व आफ्रिकेचे बाजार ‘मितुंबा’ने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांनी, आधीच भरलेले आहेत, आणि गार्थ फ्रेझर या अर्थशास्त्रज्ञाने २००८ मध्ये दाखवलं की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतलं कापड-कपड्यांचं उत्पादन घसरलं त्यातला सुमारे ४० टक्के वाटा या आयातीचा होता. गाडीच्या खिडकीतून गोळ्या-चॉकलेटं तर कधीही फेकू नका.

श्रद्धावान वाचक आता म्हणतील की हा सगळा विकासशास्त्राचा हिशेब झाला, आमचा हेतू सुवार्तेचा आहे. या म्हणण्याला मी पूर्ण आदराने उत्तर देते, कारण त्याचं उत्तर चर्चनेच दिलेलं आहे. जून २०११ मध्ये व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं, जागतिक चर्च परिषद आणि जागतिक इव्हान्जेलिकल संघटना यांनी एकत्र येऊन साक्ष कशी द्यावी याबद्दल शिफारशी जाहीर केल्या. गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणं, मदतीला प्रलोभन बनवणं त्यांनी स्पष्टपणे नाकारलं आहे. भारतात हा विषय किती पेटलेला आहे ते मराठी ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. जी शंका आपल्यावर इथे घेतली जाते, तिला तिथे जागा देणारं वर्तन आपल्याकडून होऊ नये. हापशाचं पाणी, गोळ्या, वह्या यांच्या वाटपाबरोबर प्रार्थनेची अट कधीही लावू नका, अप्रत्यक्षपणेही नाही. आणि ज्या गावात चर्च दोन-तीन पिढ्या जुनी आहे तिथे सुवार्तेचा अनुभव तुम्हाला तिथल्या लोकांकडून जास्त मिळेल. रविवारची उपासना दोन-तीन तास चालते, पाहुण्यांना पुढे बोलावून चार शब्द बोलायला सांगतात. ‘ब्वाना आसिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती असो, असं म्हणा, समोरून ‘आमेन’ येईल. कोणत्या मंडळीकडून आलात ते सांगा, आभार माना आणि बसा. आपल्या मदतीची यादी त्या व्यासपीठावर वाचू नका.

एक आक्षेप खास आपला आहे: हे सगळं गोऱ्यांना लागू आहे, आम्ही तर स्वतःच वसाहतीतले. यात तथ्य आहे, पण पुरेसं नाही. युगांडा रेल्वे बांधायला १८९६ पासून हजारो हिंदी मजूर नेले गेले, मागोमाग दुकानदार गेले, आणि वसाहतीच्या उतरंडीत हिंदी माणूस आफ्रिकी माणसाच्या वरच्या पायरीवर बसवला गेला. स्वाहिलीतले ‘दुका’, ‘गारी’, ‘रांगी’, ‘चपाती’ हे शब्द त्या सहवासातून आले, कटुताही त्याच सहवासातून आली. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तो क्रूर अन्याय होता, पण त्यापूर्वीचा दुरावा एकाच बाजूने वाढवलेला नव्हता. तिथे तुम्हाला ‘म्हिंदी’ म्हणून ओळखतील आणि त्या शब्दामागे ही सगळी आठवण असेल. शिवाय रंगाबद्दलचे आपले पूर्वग्रह आपल्याबरोबर विमानात बसतात. पुण्यात कितीतरी आफ्रिकी विद्यार्थी शिकतात. त्यांना भाड्याने घर मिळताना काय होतं, बसमध्ये शेजारची जागा रिकामी का राहते, हे त्यांच्यापैकी कुणाला जेवायला बोलावून विचारा. आफ्रिकेच्या सेवेची तयारी तिथून सुरू होते, आणि तिला व्हिसा लागत नाही.

बाकी तयारीची कामं चटकन सांगते. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पण त्याशिवाय पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून भारतात परतलात तर विलगीकरणात ठेवतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरला विचारून निघण्यापूर्वी सुरू करा आणि परतल्यावर सांगितलेले दिवस पुऱ्या करा. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर सेवाकार्य चालतं असं गृहीत धरू नका. कोणता परवाना लागतो ते यजमानांकडून लेखी मागवा. गळ्यात कॅमेरा अडकवून गावात शिरू नका. फोटो काढायचा झाला तर प्रौढांना विचारून, आणि मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, गावाचं नाव एकत्र कधीही प्रसिद्ध करू नका. केनियाच्या २०१९ च्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार मुलाची माहिती वापरायला पालकाची संमती लागते, आणि तो कायदा नसता तरी आपल्या मुलाबाबत आपण तेवढी अपेक्षा केलीच असती. कुणी फीसाठी, आईच्या औषधासाठी पैसे मागेल. मनाला लागेल, तरी परस्पर नोटा काढू नका आणि ‘पुढच्या वर्षी येईन’ असं वचनही देऊ नका. चर्चच्या समितीला कळवा, ती त्या घराला ओळखते.

संध्याकाळी मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी जेवून झाल्यावर गट एकत्र बसतो, तेव्हा आज आपल्याला काय वाटलं हे बोलण्याआधी यजमानांपैकी एकाला बोलू द्या: आजचा दिवस त्यांना कसा गेला, उद्या काय नको आहे. पाहुण्यासमोर नको म्हणणं आपल्याइतकंच त्यांनाही जड जातं, म्हणून हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही, आणि उत्तर आलं की उद्याचं वेळापत्रक त्याप्रमाणे खरोखर बदलावं लागतं. निघताना फुंडीचा, चर्चच्या कारकुनाचा आणि हापशाच्या मिस्त्रीचा फोन नंबर त्यांच्या परवानगीने घ्या. सहा महिन्यांनी त्यांना विचारा की भिंत, हापसा, जेवणाचा कार्यक्रम यांतलं काय चालू आहे आणि काय बंद पडलं. मिळेल ते उत्तर, बंद पडल्याचंही, पुढच्या ट्रिपची वर्गणी गोळा करण्याआधी आपल्या मंडळीत उभं राहून जसंच्या तसं वाचून दाखवा.